चिंधी

सकाळचं ऊन माझ्या हातांवर येऊन बसतं. दहाही बोटं शाबूत आहेत. जन्मभर पत्रा दाबून कापणारी प्रेस मशीन चालवलेल्यांत असे हात थोडे.

मशीनला दोन बटणं. दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली यायचा, म्हणजे हात त्याखाली सापडायला नकोत. आम्ही एक बटण चिंधीनं दाबून बांधायचो. एका हातानं बटण, दुसऱ्यानं पत्रा; माल भराभर निघायचा. सेफ्टीच्या पाट्यांकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

एकदा कारखान्याचे मोठे साहेब आले. "उठा, तात्या."

"ग्रीस लागेल कपड्यांना," मी टोमणा मारला.

"लागू दे." त्यांनी चिंधी सोडली, स्टुलावर बसून तासभर दोन्ही हातांनी माल काढला. "दोन्ही हातांनी एवढाच निघतो ना? मग एवढाच पुरे."

ती चिंधी पुन्हा बटणाला बांधली नाही, पण अजून आहे. तिनं चष्मा पुसतो. ऊन बोटांमधून सांडत राहतं.