खटक्याची पिन

निवृत्त फिटरने जेवणाच्या टेबलावर बोट बांधायला घेतली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मग जेवायचं कुठे, बॉयलरवर?" त्यांची जीभ अशीच. थोरला भाऊ गेल्याला तीस वर्षं झाली, तरी घर त्यांच्याच धाकात चालत होतं.

बोट म्हणजे मोठी जहाजं ओढणारी वाफेवरची टगबोट, दोन्ही बाजूंना पाणी कापणारी चाकं असलेली. थोरला भाऊ जिचं इंजिन सांभाळायचा, तिचीच हुबेहूब प्रतिकृती. ती खरी बोट एका दुपारी सरळ जाता जाता अचानक डावीकडे वळली, धक्क्यावर आदळली आणि भावाला घेऊन बुडाली.

दोन चाकांना दोन इंजिनं. सरळ जायचं तर दोन्ही चाकांचे दांडे एका खटक्याने जोडायचे आणि खटका निसटू नये म्हणून त्यात दोन पायांची पिन घालून पाय मुडपायचे. खटका निसटला, की एक चाक मागे पडून बोट वळायची. आदल्याच दिवशी तो खटका दुरुस्त केला होता या फिटरने. वर्कशॉपची रीत अशी, की काढलेली पिन शर्टाच्या खिशात ठेवायची. खिसा रिकामा झाला की काम पुरं. त्या दिवशी तो खिसा न चाचपताच घरी आला. बोट बुडाल्याचं कळल्यावर आठवण झाली, तोवर शर्ट धुऊन दोरीवर पडला होता आणि खिसा रिकामा होता. पिन बसवली की नाही, काही केल्या आठवेना. चौकशीत मात्र त्याने छातीठोकपणे सांगितलं, बसवली होती.

आता प्रतिकृती पिनेशिवाय चालवून पाहायची. सरळ गेली, तर दोष त्याचा नव्हता. एवढ्यासाठी तीन वर्षं त्याने पत्रा कापला, पितळ घासलं.

मधूनमधून चमत्कारिक प्रकार घडत. सैल सोडलेला नट सकाळी घट्ट मिळे. पाणी न पाहिलेली चाकं ओली असत. "वय झालं आता," असं म्हणून तो ती पुसून टाकी.

भर दुपारी तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. वाफ धरली, चाकं फिरली आणि बोट नाकासमोर पार पलीकडच्या काठाला लागली. फिटर कितीतरी वर्षांनी मोकळा हसला. मग वळसा घालून तो पलीकडे गेला आणि त्याने डेक उघडला.

खटक्यात पिन होती.

त्याने पिन बनवलीच नव्हती. बॉयलरला हात लावता येत नव्हता, पिन मात्र गार आणि ओली. तिचे दोन्ही पाय डावीकडे मुडपलेले. सगळे फिटर एक पाय इकडे, एक तिकडे मुडपतात. दोन्ही डावीकडे वळवायचा तो एकटा डावखुरा थोरला भाऊ. लहानपणापासून याच्या चुका तोच गुपचूप निस्तरायचा. फिटरच्या अंगावर काटा आला, पण त्याहून जास्त त्याला लाज वाटली.

"नको, दादा," तो म्हणाला. "या वेळी राहू दे."

पिन काढून त्याने खिशात टाकली आणि बोट पुन्हा सोडली.

तळ्याच्या मध्यावर खटका निसटला. बोट डावीकडे वळली, दगडी काठावर आदळली आणि तळाला गेली. बुडबुडे बराच वेळ येत राहिले. एवढ्याशा बोटीत एवढी हवा नव्हती.

घरी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तो दारातच थांबला.

"वहिनी, मी पिन बसवली नव्हती. दादा माझ्यामुळे गेला."

वहिनींनी हातातली घडी पुरी केली. "ठाऊक आहे, भाऊजी. तो शर्ट मीच धुतला होता. तुम्ही कधी सांगताय, याची वाट बघत होते."

ही दुसरी पिन तरी दाखवावी म्हणून त्याने खिशात हात घातला. खिसा ओलाचिंब होता, आणि रिकामा.