बाईंनी केलेली दुरुस्ती

रेडिओवरच्या निवेदिकाबाईंचा एक नियम होता: गाणं अथपासून इतिपर्यंत ऐकल्याशिवाय त्याची ओळख करून द्यायची नाही. सव्वीस वर्षं पाळला हो! नवरा गेल्यावर मात्र सुटला. तबकडीच्या पाकिटावर छापलेलं वाचायचं, की झालं. बाईंच्या डोळ्यांतून टिपूस नाही. नणंद तोंडावर म्हणाली, "वहिनी, दगड आहात तुम्ही." बाईंना रागसुद्धा आला नाही. आपण दगडच झालो की काय, एवढी एकच भीती त्यांच्यात उरली होती.

अकरा महिन्यांनी दुपारच्या कार्यक्रमासाठी ब्लॅक मेटल नावाचं कर्कश रॉक वाजवणाऱ्या एका बँडची तबकडी आली. पाच जण, तोंडाला पांढरं फासलेलं, आणि गाणं कसलं, अख्खं नाटकच! मधेच बासरी, मधेच किंकाळ्या. शहाण्यांनी पाकिटावर काळ्यावर काळंच छापलेलं. वाचणार कपाळ? झक मारत बाईंनी बाराच्या बारा मिनिटं ऐकलं. काही वाटलं नाही.

वेळ झाली तशी त्यांनी माइक उघडला. "श्रोतेहो, आवाज कमी करू नका. आधी भांडी पडल्यासारखं वाटेल. पडू द्या. एक माणूस मरतो आणि घरातले त्याला उठवत बसतात, एवढीच गोष्ट आहे."

गाणं सुरू झालं. माइक बंद करायला बाई विसरल्या. आठव्या मिनिटाला सगळा गोंगाट थांबून नुसता कुणाचा तरी श्वास ऐकू येतो. तिथं बाई सपाट आवाजात म्हणाल्या, "अहो, उठा ना. चहा निवतोय."

काचेपलीकडे तंत्रज्ञ हातवारे करत होता. माशी हाकलतोय असं बाईंना वाटलं.

गाणं संपता संपता तो धावत आत आला आणि त्यानं माइक बंद केला. "बाई, माइक चालू होता! फोनवर फोन येतायत. ती बाई कोण, काय जीव ओतलाय म्हणतायत. बँडमधलीच समजतायत, समजू द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

बाईंनी गाल चाचपून पाहिला. कोरडाच होता. त्यांनी माइक पुन्हा उघडला.

"श्रोतेहो, एक दुरुस्ती. मघाशी बोलली ती बाई बँडमधली नाही. ती मी होते. माझे यजमान..."

रेडिओवर तीन सेकंद शांतता पडली तरी वरून बोंब होते. तंत्रज्ञानं पुढचं गाणं लावायला हात नेला आणि मागे घेतला.

"माझे यजमान वारले," त्या म्हणाल्या. अकरा महिन्यांत हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं, आणि पुढचं गाणं कोणतं, ते त्यांना काही केल्या सांगता येईना.