सिंधुराज गाडीवरून उतरला तेव्हा

भास्कर गेला, ही बातमी मला बोरिवलीच्या बाजारात कळली, हातात सुरमई असताना. सांगणाऱ्याने डोळे पुसले. मी सुरमई परत ठेवली, आणि कबूल करतो, पहिला विचार आला तो हा की आता अंगणातल्या त्या होडीला रंग कोण देणार... त्याबद्दल मला लाज वाटली असती, पण पुढे शोकसभेत एका गृहस्थांनी त्याला 'दर्याचा सखा' म्हटले आणि माझी लाज पळाली. मेलेल्या माणसाविषयी चांगले बोलावे, मान्य. पण इतके?

भास्कर माझा शाळेपासूनचा मित्र, सरकारी कचेरीतला हेडक्लार्क, आणि मला भेटलेला सर्वांत कसलेला ढोंगी. इंग्रज गेले तेव्हा त्याच्या साहेबाने जाताजाता आपली लहानशी होडी त्याच्या गळ्यात मारली, खालच्या दोनचाकी गाडीसकट. भास्करने ती चिंचेखाली लावली, तिचे नाव 'सिंधुराज' ठेवले, स्वतःसाठी पांढरी टोपी शिवून घेतली आणि त्या दिवसापासून तो आम्हाला वाऱ्याची दिशा सांगू लागला. भाजीला निघालेल्या माणसाला थांबवायचा, बोट ओले करून वर धरायचा आणि म्हणायचा, "पश्चिमेचा आहे. शीड आखडावं लागेल."

नऊ वर्षांत सिंधुराज पाण्यात गेला नाही. कधी भरती चुकीची, कधी वारा. दर दसऱ्याला निळा रंग मात्र न चुकता लागे, तोही होडी गाडीवरून न उतरवता, हात पोचेल तेवढ्याच भागाला. लोकांना दिसेल तेवढे चकचकीत ठेवायचे, हे त्याचे कचेरीतलेही धोरण होते.

हे सगळे मी फुकटचे नाटक म्हणून मजेत पाहिले असते. पण त्याची झळ सुमतीवहिनींना बसत होती. त्यांना लहानाचे मोठे करणारी मावशी खाडीपलीकडे गोराईला राहायची. तरीने, म्हणजे उतारूंच्या होडीने, अर्धा तास. पण भास्करचा हुकूम, की घरची नौका असताना बायकोने कोंबड्यांच्या टोपल्यांशेजारी बसून खाडी ओलांडायची नाही. "यंदा आपल्या नौकेतून नेतो." असे नऊ वेळा यंदा झाले. मग तीन वर्षांपूर्वी निरोप आला, मावशीने अंथरूण धरलेय, सुमतीची वाट पाहतेय. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "रविवारी होडी निघतेय, की मी तरीने जाऊ?"

आता तळ पाहिल्याशिवाय होडी पाण्यात घालता येत नाही, आणि तळ पाहायचा तर ती गाडीवरून उतरवायला हवी. वहिनींनीच गोराईच्या तरीवाल्या सांतानला बोलावले. त्याने होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिले, विडी विझवली.

"खाली केळीचे खांब टाका," तो म्हणाला. "होडी मागून चिंचेला बांधा. होडी हलवायची नाय, गाडी पुढं ओढायची. होडी आपसूक खांबावर बसते. पण आधी कोयती द्या. रंग कापायला लागंल."

"माझ्या रंगाला कोयती लावणार तू?" भास्कर म्हणाला.

"तुमी रंग नाय दिला, साहेब. तुमी होडी गाडीला चिकटवली."

अगदी खरे होते. नऊ वर्षांचे रंगाचे ओघळ होडीखालच्या गोणपाटात मुरले होते आणि फळी, गोणपाट, गाडी यांचा एकच दगड झाला होता. पण रंगाला ओरखडा येऊ देईल तर तो भास्कर कसला. "सांतान, तू मासे मार," तो म्हणाला. "नौकानयन हे शास्त्र आहे." मग त्याने टोपी चढवली, खिशातून शिट्टी काढली आणि आम्हा चार शेजाऱ्यांना दोन्ही बाजूंना उभे केले.

"अरे, तो काय सांगतोय ते ऐक ना," मी म्हटले.

"तू गप रे. तू कधी वल्हं तरी धरलंयस?"

"तू धरलंयस?"

उत्तरादाखल शिट्टी वाजली. आम्ही उचलले. आधी काहीच हलले नाही. मग जुने धोतर फाटावे तसा लांबलचक आवाज आला आणि होडी एकदम हलकी झाली... इतकी हलकी, की आम्ही चौघे खुशीत दहा पावले चालत गेलो. मग मी होडीत डोकावलो, तर आत गवत दिसले. सिंधुराजचा तळ मागे गाडीवरच राहिला होता, काळा, कुजका, गोणपाटाला घट्ट धरून. आमच्या हातात होती ती निळी किनार. भास्करने टोपी सरळ केली. "विलायती लाकूड," तो म्हणाला. "इथली हवा मानवत नाही त्याला."

वहिनी पायरीवरून उठल्या. "सांतानभाऊ, तुमची तर किती वाजता सुटते?"

त्या गेल्या. मावशी चार दिवसांनी त्यांच्या मांडीवर गेली. भास्कर धक्क्यापर्यंत आला होता, पण तरीत चढला नाही. "वारा पडलाय," म्हणाला. त्यावर मी त्याला जे बोललो ते इथे छापता यायचे नाही. नंतरही तीन दसरे तो त्या बिनतळाच्या किनारीला निळा रंग देत राहिला आणि मी जातायेता हसत राहिलो.

अस्थी खाडीच्या तोंडाशी सोडायचे ठरले. त्यासाठी सांतानची तर ठरवली होती. वहिनी मडके मांडीवर घेऊन बसल्या, मी त्यांच्या शेजारी. मनात मी वाक्य जुळवत होतो, की आमच्या दर्यावर्द्याची ही पहिलीच सफर... मंडळींना कसे ऐकवायचे, कुठे थांबायचे, तेही ठरले होते. सांतानची तर धक्क्यापासून सुटली आणि पहिल्याच लाटेला कलली. वहिनींनी मडक्याला दोन्ही हातांनी कवटाळले.

"सांतानभाऊ, जरा हळू घ्या," त्या म्हणाल्या. "ह्यांना पाण्याची फार भीती वाटते."

"ठाऊक हाय, बाय," सांतान म्हणाला आणि त्याने वल्हे सैल सोडले.

मला ठाऊक नव्हते. पस्तीस वर्षांचा मित्र मी. जुळवलेले वाक्य मी गिळून टाकले, आणि आमची तर इतकी हळू चालली, की मागून निघालेल्या दुसऱ्या दोन होड्या आम्हाला ओलांडून पुढे गेल्या.