मे महिन्यातले लोकरी मोजे

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. थोडा जन्मजात, बाकीचा नोकरीनं केलेला. सत्तरच्या दशकात मी सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होतो. उसाची गाडी काट्यावर आली की गाडीवानाचा एक पाय तर काट्यावर नाही ना, हे आधी बघायचं, मग आकडा लिहायचा. शेतकऱ्यांना उलट वाटायचं, हाच काटा मारतो. असा संशय घेत आणि झेलत माझे हंगाम जायचे. विश्रामबागेत दोन खोल्या घेतल्या होत्या आणि धाकटी बहीण माझ्याजवळ राहून शिवणक्लास करत होती. वडील गेल्यापासून तिची जबाबदारी माझ्यावर होती, आणि ती जबाबदारी मी जरा मिरवायचोही.

तिचं लग्न माझ्या बालमित्राशी ठरत आलं होतं. तो पलटणीत होता. आमचं गाव साताऱ्याजवळचं, घरटी एक माणूस फौजेत. असल्या गावात कुणी सुट्टीवर आला की भेटेल तो दोन प्रश्न विचारणारच. ‘कवा आलास?’ आणि ‘कवा जायाचं?’ त्यात आपुलकी असते आणि चौकशीही. दोन महिन्यांची सुट्टी अख्खं गाव बोटांवर मोजत असतं. हंगाम संपवून मे महिन्यात आम्ही भाऊ-बहीण गावी आलो, तेव्हा त्याला येऊन अडीच महिने झाले होते. ‘कवा जायाचं?’ म्हटलं की तो म्हणायचा, ‘जाऊ की, घाई काय हाय?’ फौजेतला माणूस आणि घाई नाही! कुठं तरी पाणी मुरतंय, असं मला वाटायला लागलं.

सोमवारी सुपारी फुटायची होती. एकदा सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग मागं फिरणं नाही. हा पळून आलेला असला तर? लष्करी पोलीस उद्या माझ्या बहिणीच्या दारात उभे राहतील, या विचारानं माझं जेवणावरचं लक्ष उडालं. त्यात गुरुवारी तो स्वतःच आला आणि म्हणाला, "चल गड्या, म्हाबळेश्वरला जाऊन यीऊ. सकाळी जायाचं, दिवस मावळायला घरात."

महाबळेश्वर आमच्यापासून एवढं जवळ, पण हौसेनं तिथं कोण जातं? मुंबईचे पैसेवाले जातात. आम्ही जायचो ते फार तर कुणाच्या तरी कामासाठी. मग आत्ताच याला थंड हवा का आठवली? मी ‘हो’ म्हणालो ते फिरायला म्हणून नाही, याच्यावर दिवसभर नजर ठेवता येईल म्हणून.

शुक्रवारी सकाळी तो वेशीत आला तो फौजी बूट घालून. आत जाडजूड लोकरी मोजे. मे महिना, रस्त्यावरचं डांबर पाघळतंय आणि हा लोकरी मोज्यात! मी विचारलं तर म्हणाला, "सवय हाय रं." साताऱ्याच्या स्टँडवर एक गणवेशातला जवान ट्रंकेवर बसला होता. त्याला बघताच माझा मित्र उसाच्या रसाच्या गाड्याआड गेला आणि एसटी लागेपर्यंत तिथून हलला नाही. मी मनात म्हटलं, झालं, सापडलास.

पसरणीच्या घाटात मात्र तो मोकळा झाला. खिडकीतून वारा यायला लागला तसा बर्फाच्या गोष्टी सांगू लागला. वर काश्मीरकडे एक डोंगर आहे, तिथं पायाला लांब फळ्या बांधून माणसं बर्फावरनं घसरतात. "हौशी लोक मजेसाठी येत्यात, फोटो काढत्यात. आमाला मातर ते शिकायलाच लागतंय. पैल्या दिवशी मी तीस येळा पडलो आसंन. पर एकदा तोल सापडला का न्हाई, मग काय सांगू तुला! लय भारी वाटतंय." हात पसरून त्यानं तोल धरून दाखवला, तर पुढच्या बाकावरच्या बाईच्या अंबाड्याला हात लागला आणि ती खेकसली. आम्ही दोघंही हसलो. लगेच मी संधी साधून विचारलं, "मग आता तुझी पलटण कुठं हाय?" तो खिडकीबाहेर बघायला लागला.

महाबळेश्वरच्या बाजारात चपलांची दुकानं ओळीनं आहेत. तिथल्या एका दुकानदाराशी तो बाजूला जाऊन पाऊण तास हळू आवाजात बोलत होता. मी जवळ गेलो की गप्प. चपला कुणासाठी? तिकडं वर कुणी बाई तर नाही? आता पळपुटा शिपाई हा संशय परवडला, असं मला वाटलं. पुढं आम्ही क्षेत्र महाबळेश्वरच्या देवळाशी गेलो. मी पायरीशी चपला काढल्या. हा तसाच उभा.

"तू जाऊन ये, मी हितंच थांबतो."

"का रं? देवाचं वाकडं हाय तुझं?"

"बूट काढायला लय येळ लागतोय," म्हणाला.

मी आत गेलो खरा, पण देवापुढं हात जोडताना मान मागं वळवून दारातून त्याच्यावरच डोळा ठेवून होतो. देवाला काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

दुपारी एका कड्यापाशी आम्ही भाकरी सोडल्या. मला आता धीर धरवेना. "खरं सांग," मी म्हणालो, "पळून आलाईस का तू?"

तो दचकला. मग त्याला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. त्यानं नाड्या सोडल्या, बूट काढले, मोजे ओढले. मोज्यांबरोबर कापसाचे बोळे खाली पडले. उजव्या पायाला एकही बोट नव्हतं. डाव्याला तीन होती.

"मोजे भिजलं हुतं," तो म्हणाला. "राती बदलायला पायजे हुतं. आळस केला. उद्या बघू म्हटलं आनि झोपलो. सकाळी बोटं बर्फानं काळी पडली हुती. लडाईत गेली आसती तर गावानं हार घातला आसता. मी काय सांगू गावाला? आळसानं गेली म्हनून?" दवाखान्यात तो चार महिने होता. मग फौजेनं कागद हातात देऊन घरी धाडलं. सुट्टी नव्हतीच. दुकानदाराशी तो बोलत होता ते पुढून भरीव बूट शिवून मिळेल का म्हणून.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहायला लाज वाटते. त्याचं कसं होईल, हे नाही आलं. याला नोकरी नाही, हा नांगरामागं चालणार कसा, आणि बरं झालं सोमवारच्या आत कळलं, हे आलं.

"सोमवारी सुपारी घिऊन यीऊ का नगं?" त्यानं विचारलं. मोजे हातातच होते.

मी म्हणालो, "बघू."

आमच्याकडं मुलीच्या बाजूचा माणूस ‘बघू’ म्हणाला की त्याचा अर्थ काय, हे सांगावं लागत नाही. त्यानं मान हलवली, बोळे एक एक करून मोज्यात भरले आणि बूट चढवले. 

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. बहिणीनं पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "त्यांना लय चालवलं न्हाईस न्हवं? बूट काडल्यावर लय ठणकतंय त्यांना."

तांब्या माझ्या हातातच राहिला. "तुला कुनी सांगितलं?"

"त्यांनीच. दवाखान्यातनं पत्र आलं हुतं, शिवनक्लासच्या पत्त्यावर. बोटं गेली, नोकरी जानार, तुला नगं आसलं तर तसं कळीव, मी काय तरी कारन सांगतो म्हनून. मी कळीवलं, मला चालतंय. फकस्त दादाला तुमी सोता सांगा. आपन गावी आल्यापासनं बघतीया, तुज्यापाशी त्यांची जीबच उचलंना."

"आनि तू? तू तरी सांगायचंस मला!"

तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. रागावलेली नव्हती. "तू मोडलं आसतंस, दादा."

घाट उतरल्यापासून सातारा येईपर्यंत मी दुसरं काय करत होतो? लग्न मोडायचं कसं, निरोप कुणाकडून धाडायचा, गावाला कारण काय सांगायचं, सगळं ठरवून झालं होतं माझं. मी ज्यांच्यावर नजर ठेवून होतो त्या दोघांनी एकमेकांपासून काही लपवलं नव्हतं. लपवलं होतं ते फक्त माझ्यापासून, आणि बरोबरच केलं होतं.

कड्यापाशी मी त्याला काय उत्तर दिलं, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. तांब्या खाली ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि त्याच्या घराकडं निघालो. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं, मी पळत होतो.