आडनाव हळू सांगितलं

वर्ध्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली, तेव्हा शहरात माझ्या ओळखीचं कुणीच नव्हतं. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीने तीन रविवार मला स्कुटीवर मागे बसवून खोल्या दाखवल्या. ती पवनारहून रोज ये-जा करायची. प्रत्येक घरापाशी ती फाटकाबाहेरच थांबे.

"तू काऊन नाई येत आत?" मी एकदा विचारलं.

"तूच पाह्य. राह्यचं तुले हाय."

शेवटी एका शांत गल्लीतल्या जुन्या दुमजली इमारतीत वरची खोली मिळाली. एकच खोली, कोपऱ्यात ओटा, पलीकडे न्हाणी, दाराबाहेर शेजारच्या खोलीशी सामाईक गच्ची आणि नळ. भिंतीला ओल होती, पण नळाला पाणी असायचं. घरमालकीण काकू खाली एकट्या राहत. माझं आडनाव ऐकून त्यांनी लगेच चावी दिली होती. त्या आमच्याच समाजातल्या निघाल्या.

सहा महिन्यांनी शेजारची खोली रिकामी झाली. लॅबमधल्या या मैत्रिणीच्या भावाचं तेव्हाच लग्न झालं होतं, घरात जागा पुरत नव्हती. "काकूले विचारून पाह्य ना माह्यासाठी," ती म्हणाली.

काकू ओसरीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होत्या. "आडनाव काय तिचं?"

मी सांगितलं. आडनावावरून ती बौद्ध आहे हे आमच्याकडे कुणालाही कळतं. आणि ते सांगताना मी आवाज खाली आणला. आसपास चिटपाखरू नव्हतं, तरीही. हे लिहितानाही माझे कान तापतात.

काकू क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगून देजो तिले, खोली दुसऱ्याले दिली म्हणून."

मी सांगून दिलं. 'काकूच्या पुतण्याले दिली' ही भर माझी स्वतःची.

तीन महिने त्या खोलीला कुलूप होतं. एकदा मी तापाने पडले, तर मैत्रीण गोळ्या घेऊन वर आली. कुलूप तिने पाहिलंच. गोळ्या ओट्यावर ठेवून ती म्हणाली, "काकूचं मले काई नाई वाटत. असे फाटक लय पाह्यले मी. पण तू तरी खरं सांगाचं होतं."

मी पांघरुणात तोंड घातलं. ताप आहे याचं बरंच वाटलं.

त्यानंतर तिने बोलणं सोडलं नाही. पण सॅम्पल, रिपोर्ट, ड्युटी, एवढंच. आणि मी त्याच खोलीत आणखी दीड वर्ष राहिले.

लग्न ठरलं तेव्हा खोली सोडली. सामान रिक्षात चढलं, आता काकू माझं काही बिघडवू शकत नव्हत्या, तेव्हा कुठे मला धीर आला. म्हटलं, "काकू, तुम्ही माह्या मैत्रिणीले खोली द्याले पाह्यजे होती."

काकू चकित झाल्या. "मी? अवं पोरी, तू असं हळूच नाव घेतलं, मले वाटलं तुलेच ती बाजूले नको. एकच गच्ची, एकच नळ. मी तं तुह्यासाठी नाई म्हटलं."

त्या खरं बोलत होत्या की सोयीचं, त्यांनाच ठाऊक. 'तसं नव्हतं' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि 'येते काकू' एवढंच म्हटलं. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी सवयीने काकूंच्या पाया पडले आणि रिक्षात जाऊन बसले.