मागच्या टायरला छत्तीस

आधीच सांगतो, मी गाड्यांच्या विमा-क्लेमचा सर्व्हेअर आहे. लोक मला खोटं सांगतात आणि मी ते पकडतो... पंधरा वर्षं हेच करतोय. भूत, संकेत वगैरे कोणी सुरू केलं की मी सरळ उठून जातो. त्यामुळे खालचं वाचून हसलात तर मला राग नाही.

आम्ही टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहतो, मी आणि बायको. दर रविवारी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, मी थंड टायरची हवा माझ्या गेजने मोजतो. दरवाज्याच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर आहे, त्यात दोन आकडे: दोघं-तिघं असाल तर चारही टायरना बत्तीस, गाडी भरलेली असेल तर मागे छत्तीस. आम्ही दोघंच, म्हणून बत्तीस. विषय संपला.

दिवाळीनंतर एका रविवारी मागचे दोन्ही टायर छत्तीस. वाटलं, पंपावरच्याने घोळ घातला. उतरवून बत्तीस केली. पुढच्या रविवारी परत छत्तीस. अहो, हवा कमी होते हे समजू शकतो... वाढेल कशी?

संशय गेला भोईर काकांवर. आमची बिल्डिंग त्यांच्याच भातशेतावर उभी आहे. बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये ते मुलांसोबत राहतात आणि दिवसभर पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असतात. पूर्वी टेम्पो चालवायचे, पायाने मारायचा पंप अजून घरात आहे. आणि मला मोजताना बघून एकदा म्हणालेले, "निलेश, मागे छत्तीस ठेव रे. कधी कोणाला न्यावं लागेल, सांगता येतं का?"

म्हणजे पंप आहे, वेळ आहे आणि आकडाही तोच. माझ्या धंद्यात एवढ्यावर क्लेम रिजेक्ट होतो.

तरी पुरावा पाहिजे म्हणून मागची हवा परत बत्तीस केली आणि बायकोची लाल नेलपॉलिश घेतली. व्हॉल्व्हचं टोपण आणि खालची नळी, दोन्हींवर मिळून एक रेघ मारली. टोपण फिरवलं की रेघ तुटणार. रविवारी रेघ अखंड, आत छत्तीस. आठवडाभराचं सीसीटीव्ही बघितलं, गाडीजवळ एक मांजर सोडून कोणी नाही. शहाण्या माणसाने इथे थांबावं ना? मी सगळ्यांसमोर बोललो, "काका, या वयात असले उद्योग शोभत नाहीत."

काका उठले. खुर्ची उचलून वर गेले. त्यांना धाप लागलेली मला दिसली... मला वाटलं, नाटक.

मग आठवडाभर ते खाली आलेच नाहीत. बायकोने माझ्याशी बोलणं टाकलं, आणि खरं सांगायचं तर मलाही आतून लाज वाटत होती. रविवारी तरीही मागे छत्तीस. मी चिडून ती बत्तीसवर आणली, टोपणं लावली, नवीन रेघा मारल्या.

अर्ध्या तासात त्यांची सून धावत आली. "निलेशभाऊ, बाबांच्या छातीत दुखतंय, गाडी काढा."

पुढे माझ्या शेजारी मोठा मुलगा. मागे काका, त्यांना धरून एका बाजूला धाकटा, दुसऱ्या बाजूला सून. भोईर मंडळी अंगाने दणकट. कल्याणच्या हॉस्पिटलपर्यंतचे खड्डे तुम्हाला माहीत आहेत... पण भरल्या गाडीत मऊ टायर जसा डुगडुगतो, तसं काहीच जाणवलं नाही. वाटभर मनात एकच, काकांना काही होऊ नये, मला माफी मागायचीये.

काका वाचले. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले.

मग मी खाली गाडीपाशी आलो. गरम टायर दोन-तीन जास्त दाखवतो, हे मला शिकवू नका. तीन तास थांबलो, रबर हाताला गार लागेपर्यंत. आधी रेघा बघितल्या, अखंड. मग टोपणं काढून गेज लावला. छत्तीस. परत लावला. छत्तीस.

नंतर गेज बदलला, व्हॉल्व्ह बदलले. काही निघालं नाही. पण त्या दिवसापासून बत्तीस ती बत्तीसच राहिली. काकांची माफी मागितली, तर म्हणाले, "तू गाडी काढलीस ना, झालं मग." खुर्ची परत खाली आली.

गेल्या रविवारी गेज लावला. मागे छत्तीस.

या वेळी उतरवली नाही. मागे वळून बघितलं तर खुर्ची रिकामी. दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो आणि बेल वाजवत राहिलो. दार काकांनीच उघडलं, हातात टूथब्रश. "काय रे, परत चोर पकडायला आलास?"

मी त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला. म्हटलं, "काका, कपडे बदला. आपण डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

"मला काय झालंय?"

ते मला त्यांना सांगता आलं नाही... आणि तुम्हालाही सांगता येत नाही.