खाऱ्या पाण्याचा नकाशा

आई उन्हाळ्यात गेली. चार वर्षं ती अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं मीच करत होते, त्यामुळे भेटायला येणारे म्हणत, "सुटली बिचारी." माझ्याकडे पाहूनही त्यांना तेच म्हणायचं असावं. मी रडले नाही. तेरावं झाल्यावर भाऊ पुण्याला परत गेला. मी अकोल्याच्या घरात एकटी राहिले आणि शाळा उघडली तशी रोजची एसटी धरून पूर्णेकाठच्या माझ्या गावशाळेत जाऊ लागले.

शाळेत त्या वर्षी चार टॅब आले होते. माझ्या चौथीत अठरा मुलं. नकाशाचा धडा चालू होता. भाजीचा मळा असलेल्या घरातल्या एका मुलीनं टॅबवर आमचं गाव शोधून काढलं आणि तिचं तोंड उतरलं. पडद्यावर गावाचं नाव, एक रस्ता, बाकी करडी शेतं.

"मॅडम, याच्यात तं काहीच नाई. एक इहीर बी नाई."

"मग आपण टाकू," मी म्हणाले. उत्साह वगैरे नव्हता. तास भरायचा होता.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी खारट, त्यात डाळ शिजता शिजत नाही. म्हणून ठरलं की पाण्याचा नकाशा करायचा. मुलांनी गट पाडले आणि ती टॅब घेऊन गावभर फिरली. प्रत्येक हातपंपाचा, विहिरीचा फोटो काढला, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून त्यांचा आवाज भरून घेतला. खाऱ्या पाण्याला नारिंगी ठिपका, गोड्याला निळा. प्रत्येक ठिकाणचं पाणी बाटलीत आणलं. मुलांनी ते प्यायचं नाही अशी मी ताकीद दिली होती. पाणी उकळून, गार करून चव मी बघणार होते.

टेबलावर अकरा पेले मांडले. मी पहिला घोट घेतला. दुसरा, तिसरा. सगळी मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला काहीच कळेना. खारट नाही, गोड नाही, नुसतं ओलं. मी अंदाजानं म्हणाले, "हे खारं." चौथ्या पेल्यालाही म्हणाले, "खारं." मग पाचव्याला गोड म्हणून टाकलं.

"मॅडम, तो तं शाळेमागचा बोअर हाये," मळ्यातली मुलगी म्हणाली. "तुमाले समजून नाई रायलं न?"

"नाही."

"काहून?"

"माहीत नाही. आई गेल्यापासून कशालाच चव नाही."

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. भावाला नाही, डॉक्टरला नाही. तिनं क्षणभर विचार केला. हळहळ नाही, काही नाही.

"मंग डाळ लावू. डाळ खोटं नाई बोलत."

शाळेची खिचडी शिजवणाऱ्या ताई आधी करवादल्या, मग स्वतःच तुरीची डाळ मोजायला बसल्या. दोन दिवस हे चाललं. एकेका पाण्यात मूठभर डाळ, सगळ्यांना सारखाच वेळ. मुलं टॅबवर घड्याळ लावून फोटो काढत. दहा पाण्यांत डाळ कचकचीत राहिली. नाल्याकाठच्या जुन्या विहिरीच्या पाण्यात ती पार गळून गेली. मळ्यातल्या मुलीच्या आजीचा आवाज आमच्याकडे होताच: "त्या इहिरीचं पाणी आमी सैपाकाले आनत होतो. बोअरचे नळ आले अन् मंग कोनी गेलंच नाई तिकडं."

नकाशावर एकच निळा ठिपका पडला.

पालकसभेत मुलांनी तो दाखवला. एरवी आठ-दहा जण येतात. त्या दिवशी बाया दारापर्यंत उभ्या होत्या. एकीनं विचारलं, "मंग ते इहीर तशीच काहून पडू देता?" पुढच्या रविवारी विहीर उपसायला पंचवीस-तीस माणसं जमली. प्लास्टिकच्या पन्न्या, फुटके माठ, एक सायकलचं चाक, असं काय काय निघालं. आता काही घरं डाळीपुरतं पाणी तिथून नेतात.

नंतर शिक्षण खात्याचे एक अधिकारी आले. त्यांनी नकाशा पाहिला, पाठ थोपटली आणि कल्पना कशी सुचली म्हणून विचारलं. मी म्हणाले, "मुलांनीच केलं." त्यांना तो विनय वाटला.

विहिरीवरच्या त्या रविवारचं चित्रीकरण मुलांनी केलं होतं. परवा टॅबमधली जागा भरली म्हणून काय पुसायचं ते बघत बसले, तेव्हा ते लागलं. बायांच्या रांगेत मी आहे. पदर खोचलाय, दोन्ही हातांत दोर, ओरडून काहीतरी सांगतेय. मी विहिरीवर गेले होते एवढं आठवतं. दोर धरल्याचं आठवत नाही.

मी ते दोनदा पाहिलं. मग दुसरं काही पुसलं आणि ते राहू दिलं.